पदवीनंतर वृद्धसेवेचं शिक्षण : कोणी, काय आणि कुठे शिकावं?



या ब्लॉगवर आपण बहुतेक वेळा आजारांविषयी बोलतो. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, विसरभोळेपणा. आजचा विषय थोडा वेगळा आहे. म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याचं रीतसर शिक्षण असतं का, पदवी झाल्यावर ते घेता येतं का आणि घेऊन पुढे काय, याबद्दल लिहितो आहे. निकाल लागले की हा प्रश्न हल्ली दवाखान्यात येऊ लागला आहे. पूर्वी मुलं विचारायची, "डॉक्टर, डीएमएलटी करू की फार्मसी?" आता एखादी मुलगी आजीला तपासायला घेऊन येते आणि जाता जाता विचारते, "हेच काम शिकायचं असेल तर कुठे शिकतात?"

गेल्या वर्षी असंच झालं. मुलगी इथलीच, बी.ए. झालेली. आजीला स्मृतिभ्रंश, त्यात कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. तीन वर्षं या मुलीनेच सगळं केलं. एकदा मी आजीची पाठ तपासली, तर कुठे लालसर डागसुद्धा नव्हता. इतके महिने अंथरुणात असलेल्या माणसाची पाठ अशी राहणं सोपं नाही. मी विचारलं तेव्हा तिने वही दाखवली. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या वेळा, लघवी किती वेळा झाली, संध्याकाळी आजी किती वाजता घाबरीघुबरी होते आणि त्या वेळी दिवा लावला, ओळखीचं गाणं लावलं की शांत होते का, हे सगळं तिने लिहिलं होतं. संध्याकाळी गोंधळ वाढणं हे स्मृतिभ्रंशातलं ओळखीचं लक्षण आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने ते बघून ओळखलं होतं.

तिच्या वडिलांना मात्र हे शिक्षण पटत नव्हतं. "डॉक्टर, म्हाताऱ्याची सेवा घरात सगळेच करतात. त्याला डिग्री कशाला? आणि उद्या लग्नाच्या वेळी काय सांगायचं, पोरगी आयाचं काम करते?" हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. बऱ्याच घरांत तो असाच विचारला जातो, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

सेवा घरात होते, मग शिकायचं काय?

म्हातारं शरीर म्हणजे नुसतं झिजलेलं तरुण शरीर नव्हे. त्यात आजार दिसतो वेगळा. तरुण माणसाला न्यूमोनिया झाला तर ताप आणि खोकला येतो. ८० वर्षांच्या आजोबांना तोच न्यूमोनिया तापाशिवाय होऊ शकतो. ते फक्त जेवण सोडतात आणि असंबद्ध बोलू लागतात. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो. लघवीचा साधा जंतुसंसर्ग झाला की एका रात्रीत माणूस घरच्यांना ओळखेनासा होतो. घरचे म्हणतात, "म्हातारचळ लागला." या एका शब्दाखाली आपण किती बरे होणारे आजार झाकून टाकतो! थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, डोक्याला मार लागून मेंदूवर हळूहळू साचलेलं रक्त, चुकीच्या किंवा जास्त झालेल्या गोळ्या. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. पण आधी त्या ओळखणारा माणूस लागतो.

ब्रिटिश डॉक्टर बर्नार्ड आयझॅक्स यांनी म्हातारपणातल्या चार मोठ्या अडचणींना 'राक्षस' म्हटलं होतं. हालचाल बंद होणं, तोल जाऊन पडणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं आणि बुद्धीचा गोंधळ. या चारही गोष्टी आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो. प्रत्येकीला कारणं असतात आणि बऱ्याचदा एकाच माणसात पाच-सहा कारणं एकत्र असतात. ती सोडवायला एकटा डॉक्टर पुरत नाही. नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि घरच्यांशी बोलून सगळं जुळवून आणणारा सोशल वर्कर, अशी टीम लागते. या टीममधली प्रत्येक जागा म्हणजे शिक्षणाचा एक वेगळा रस्ता आहे.

दोन शब्द आधी समजून घ्या

'जेरिऍट्रिक्स' आणि 'जेरोन्टॉलॉजी' या दोन शब्दांत मुलं गोंधळतात. जेरिऍट्रिक्स म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं वैद्यकशास्त्र. हा शब्द न्यूयॉर्कमधले डॉक्टर इग्नाट्झ नाशर यांनी १९०९ मध्ये रूढ केला. लहान मुलांसाठी वेगळं शास्त्र आहे तर म्हाताऱ्यांसाठी का नको, असा त्यांचा साधा मुद्दा होता. जेरोन्टॉलॉजी म्हणजे वार्धक्याचा सगळ्या बाजूंनी अभ्यास. शरीर, मन, कुटुंब, पैसा, कायदा, घरबांधणी, सरकारी धोरण हे सगळं त्यात येतं. पहिल्याला डॉक्टर व्हावं लागतं. दुसऱ्याला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. बी.ए. झालेल्या मुलांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी.

आयुर्वेदाच्या आठ अंगांतही म्हातारपणासाठी वेगळं अंग आहेच. आधुनिक वैद्यकाच्या बाजूने भारतात सुरुवात चेन्नईत झाली. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये वृद्धांसाठी वेगळी ओपीडी सुरू झाली आणि १९९६ मध्ये तिथेच या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रम आला. म्हणजे आपल्या देशात ही शाखा अजून तरुणच आहे.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. महाराष्ट्रात हे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. २०५० च्या सुमारास देशात दर पाच माणसांमागे एक ज्येष्ठ असेल असा अंदाज आहे. ज्याला 'लासी' म्हणतात ते वार्धक्याचं मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलं. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची माहिती घेतली गेली. साठीच्या पुढच्या दर चार जणांपैकी तिघांना कोणता ना कोणता जुनाट आजार असल्याचं त्यातून पुढे आलं.

चिंचणीत हे कळायला सर्वेक्षण लागत नाही. मुलगा बोईसरच्या एमआयडीसीत शिफ्टला, सून शाळेत किंवा कंपनीत, दुसरा मुलगा विरारला फ्लॅट घेऊन राहिलेला. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल आली, जाणं-येणं सोपं झालं. त्याबरोबर सकाळी वाणगावला गाडी पकडून रात्री परतणारी माणसंही वाढली. मोठ्या घराच्या ओटीवर आणि चिकूच्या वाडीत दिवसभर उरतात ते आजी-आजोबा. पूर्वी सेवा घरातच व्हायची हे खरं, पण ती करणारी बाई दिवसभर घरात असायची. आता ती नाही आणि तिने नोकरी सोडून घरी बसावं असं म्हणणंही बरोबर नाही. मग मुंबईहून ब्युरोची बाई लावतात. तिला कोणी काही शिकवलेलं नसतं आणि ती इथे टिकतही नाही.

तुमची पदवी कोणती? त्याप्रमाणे रस्ते

बी.ए., बी.कॉम. किंवा कोणतीही पदवी : सगळ्यात मोकळा रस्ता समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचा, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.चा. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून हे शिक्षण देते. तिथे प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. मुंबईचं निर्मला निकेतन आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था हीसुद्धा जुनी, नावाजलेली ठिकाणं. समाजकार्याच्या शिक्षणात वर्गाइतकंच महत्त्व फील्डवर्कला असतं. तिथे वृद्धाश्रम, रुग्णालय किंवा ज्येष्ठांसाठी काम करणारी संस्था मागून घ्यावी आणि प्रबंधाचा विषयही वार्धक्याचाच ठेवावा. पदवीवर 'जेरोन्टॉलॉजी' लिहिलेलं नसलं तरी तुमची तयारी त्याचीच होते. याशिवाय केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखालच्या दिल्लीतल्या राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थेने वृद्धसेवेचा एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवला आहे. असे पदविका अभ्यासक्रम दरवर्षी निघतीलच असं नसतं, म्हणून त्या वर्षाची जाहिरात बघूनच ठरवा.

गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल : ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांनी वर उल्लेख केलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेचा जरूर विचार करावा. ही संस्था १९५६ पासून आहे आणि तिथे लोकसंख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. करता येते. एका आजीची सेवा न करताही लाखो आजींच्या पेन्शनचं आणि दवाखान्यांचं नियोजन करता येतं.

नर्सिंग : भारतीय परिचर्या परिषदेचा जेरिऍट्रिक नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. तो नोंदणीकृत नर्सलाच करता येतो. एम.एस्सी. नर्सिंगला जायचं असेल तर कम्युनिटी हेल्थ किंवा मेडिकल-सर्जिकल हे विषय या कामाला जवळचे.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी : इथे एक गैरसमज दूर करतो. बी.ए. झाल्यावर थेट यांच्या पदव्युत्तर वर्गात जाता येत नाही. आधी त्याच विषयाची पदवी लागते. म्हणून बारावी सायन्सला असलेल्यांनी हा भाग आत्ताच वाचावा. ऑक्युपेशनल थेरपीची आशियातली पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केली. सायन आणि नायर रुग्णालयांतही हे शिक्षण आहे. या विषयाची आपल्याकडे फारशी माहिती नाही, म्हणून उदाहरण देतो. आजोबा तीन वेळा पडले. फिजिओथेरपिस्ट त्यांच्या पायांत ताकद आणेल. ऑक्युपेशनल थेरपिस्ट घर बघेल. उंबरठा किती उंच आहे, संडास अंगणापलीकडे आहे का, रात्री तिथपर्यंत उजेड आहे का, पकडायला दांडा कुठे लावायचा, खाट किती उंच हवी. अशा किरकोळ वाटणाऱ्या बदलांनी कमरेचं हाड मोडायचं वाचतं.

मानसशास्त्र : एम.ए. सायकॉलॉजी ही सुरुवात. पुढे रुग्णांच्या चाचण्या आणि उपचार करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण लागतं. स्मृतिभ्रंशाच्या घरांत रुग्णाइतकाच आधार सांभाळणाऱ्याला लागतो. या कामाला माणसं फार कमी आहेत. १९९२ मध्ये केरळात सुरू झालेल्या एआरडीएसआय या संस्थेचं काम वाचून बघा, म्हणजे कल्पना येईल.

एम.बी.बी.एस. : एम.डी. जेरिऍट्रिक्स दिल्लीच्या एम्समध्ये, चेन्नईला, वेल्लोरच्या सीएमसीमध्ये आणि आणखी काही ठिकाणी करता येतं. त्यासाठी नीट-पीजी, आणि एम्ससाठी आयएनआय-सीईटी. सेवेत असलेल्या डॉक्टरांसाठी इग्नूने एक वर्षाचा जेरिऍट्रिक मेडिसिनचा पदविका अभ्यासक्रम काढला होता, त्याची सध्याची स्थिती बघून घ्या. मानसोपचारात एम.डी. झालेल्यांना लखनौच्या केजीएमयू आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये वृद्धांच्या मानसिक आरोग्यात डी.एम. करता येतं.

नोकरी मिळेल का?

इथे मी गोड बोलणार नाही. 'जेरोन्टॉलॉजिस्ट पाहिजे' अशी जाहिरात आपल्या भागात तुम्हाला सहसा दिसणार नाही. पगारही सुरुवातीला इंजिनिअर मित्रापेक्षा कमी असेल. ज्या घरात तीन वर्षांत कर्ज फेडायचं आहे, त्या घरातल्या मुलाने लाखोंची फी भरून खासगी संस्थेचा कोर्स घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी किंवा अनुदानित संस्था आणि शिष्यवृत्ती आधी बघा. आदिवासी आणि इतर मागास घटकांतल्या मुलांना समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या शिष्यवृत्त्या आहेत. प्रवेशाआधीच जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले काढून ठेवा.

काम मात्र आहे. २०१०-११ मध्ये केंद्राने वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा कक्ष आणि ओपीडी, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याचं क्लिनिक आणि उपकेंद्रामार्फत घरभेट आहे. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्याच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक. कागदावरच्या या जागा भरायला शिकलेली माणसं लागतात. शिवाय रुग्णालयांतले वैद्यकीय समाजसेवक, हेल्पएजसारख्या संस्था, घरी सेवा देणाऱ्या कंपन्या, ज्येष्ठांची निवासी संकुलं आणि पॅलिएटिव्ह केअरची केंद्रं आहेत.

परदेशाचाही प्रश्न येतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जास्तच. जायला माझी हरकत नाही. पण भाषा शिकावी लागते, पदवी तिथे मान्य करून घ्यावी लागते आणि "पैसे भरा, व्हिसा आम्ही बघतो" म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहावं लागतं. आणि एक गोष्ट मनात राहतेच. तिथल्या म्हाताऱ्यांसाठी आपली मुलं शिकून जातात, त्यांचे स्वतःचे आजी-आजोबा इथे वाडीत एकटे असतात.

इथल्या मुलांकडे जे आहे ते बाहेरच्यांकडे नाही

स्मृतिभ्रंश आहे का हे बघायला डॉक्टर काही प्रश्न विचारतात. आज तारीख काय, वार कोणता, शंभरातून सात वजा करा. मूळ चाचणी अमेरिकेत १९७५ मध्ये तयार झाली, शिकलेल्या लोकांसाठी. जी वारली आजी कधी शाळेत गेली नाही आणि जिच्या घरात कॅलेंडर नव्हतं, ती या परीक्षेत नापास होणारच. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी संशोधकांनी नव्वदच्या दशकात हिंदीत वेगळी चाचणी बनवली. निरक्षर माणसालाही उत्तर देता येईल असे प्रश्न त्यात ठेवले.

आपल्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या मच्छीमाराला मी तारखेऐवजी विचारतो, "बाबा, पुनव कधी? उधाण कधी येणार?" ज्याचं डोकं शाबूत आहे तो तिथी, भरतीची वेळ, सगळं सांगतो. ही काही शास्त्रीय चाचणी नाही, बोलणं सुरू करायची माझी पद्धत आहे. पण वारलीत, मांगेलीत आणि इथल्या रोजच्या जगण्यात बसणारी चाचणी कोणीतरी नीट अभ्यास करून तयार करायला हवी. पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्यांनी लक्ष द्यावं. हे काम करणारा माणूस ती भाषा घरात बोलणारा असला तर किती बरं होईल.

प्रवेश घेण्याआधी एवढं तपासा

• अभ्यासक्रमाला कोणाची मान्यता आहे? विद्यापीठाचा असेल तर यूजीसी, दूरशिक्षणाचा असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची यादी, नर्सिंगचा असेल तर परिचर्या परिषद. संस्थेच्या पत्रकावर विश्वास ठेवू नका, परिषदेच्या यादीत नाव बघा.

• प्रत्यक्ष वृद्धांबरोबर किती तास काम करायला मिळणार? फक्त ऑनलाइन व्हिडिओ बघून कूस बदलायला शिकता येत नाही.

• मागच्या तुकडीतल्या दोन जणांशी फोनवर बोला. ते आज काय करतात आणि किती मिळतं, ते सरळ विचारा.

• "शंभर टक्के प्लेसमेंट" असं लिहिलेलं दिसलं तर दुप्पट चौकशी करा.

• पदवीला जाणं जमत नसेल तर जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एडचं कौशल्य प्रशिक्षण घेता येतं. त्यातून कमाई सुरू होते आणि हे काम आपल्याला झेपतं का हेही कळतं. सोबत मुक्त विद्यापीठातून पदवी करता येते.

त्या मुलीच्या वडिलांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. आयाचं काम हलकं नाही. ते हलकं वाटतं कारण आपण त्याला पैसे कमी देतो आणि शिकवत काहीच नाही. तुमच्या मुलीने वहीत जे लिहिलं, तशा नोंदी ठेवायला नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं. ती शिकली तर आणखी दहा जणींना शिकवेल. वडील लगेच हो म्हणाले नाहीत. "विचार करतो" म्हणाले. मुलीने मात्र समाजकार्याच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका त्याच आठवड्यात आणली. आजी अजून आहे, त्यामुळे तिने एक वर्ष थांबायचं ठरवलं आहे. मला तो निर्णय समजतो, आणि एक वर्षाने ती खरंच जाऊ शकेल ना याची काळजीही वाटते. अशा मुलींचं 'एक वर्ष' लांबत जातं. तिच्या काका-आत्यांनी महिन्यातले आठ दिवस वाटून घेतले तर ते लांबणार नाही, हेही मी तिच्या वडिलांना सांगितलं आहे.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर आधी त्याची पाळी वाटून घ्या, शिक्षणाचं मग बोला. ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी, मग ती पेन्शनची असो वा घरातल्या छळाची, १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

कोर्सबद्दल काही शंका असेल तर दवाखान्यात येऊन विचारा, संध्याकाळी सातनंतर गर्दी कमी असते. काळजी घ्या.